गळ, जळू आणि भावोजी

‘आमिष’ हा शब्द आमच्या बँकेत फार जपून वापरतात. माझ्या काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक सूचना लावलेली आहे : ‘जादा व्याजाच्या आमिषाला बळी पडू नका.’ ह्या सूचनेकडे पाठ करून मी गेली बावीस वर्षे बसतो आहे आणि तेवढ्या काळात, आमिष म्हणावे असा व्याजाचा दर आम्ही एकदाही दिलेला नाही. त्यामुळे ग्राहक निर्धास्त असतात. आमिष ही वाईट गोष्ट, ते दाखवणारा लबाड आणि त्याला भुलणारा भोळा, एवढे तीन धडे बी. कॉम. झालेल्या माणसाला निवृत्तीपर्यंत पुरतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मात्र आमिषाची दुकाने आहेत. उघड, हमरस्त्यावर, ‘जिवंत आमिष मिळेल’ अशी ठसठशीत पाटी लावून! आत शिरावे तर एका बाजूला हौदात बोटाएवढे मासे फिरत असतात आणि दुसऱ्या बाजूला फ्रिजमध्ये, आपल्याकडे चक्क्याचे असतात तसे, डबे रचलेले असतात. एका डब्यात डझनभर गांडुळे. दुसऱ्यात डझनभर जळवा. होय, वाचकहो, जळवा! आमच्या कोकणात भाताच्या खाचरात उतरले की ही वस्तू फुकट मिळते. किंबहुना आपण तिला फुकट मिळतो. तिकडे तिला डॉलर मोजावे लागतात, आणि घेणारी माणसे डबा उघडून, जळवा ताज्या आहेत ना हे बघून घेतात. आपण मंडईत भेंडी मोडून बघतो तसे.

हे सगळे ज्याच्यासाठी, त्या माशाचे नाव वॉलआय. मिनेसोटाने १९६५ साली त्याला राज्यमासा केले. बॉडेट नावाच्या गावात त्याचा चाळीस फुटी पुतळा १९५९ पासून उभा आहे. उभा म्हणजे आडवा. माशाचा पुतळा उभा कसा असणार? मे महिन्यात ठरलेल्या शनिवारी त्याच्या मासेमारीचा हंगाम सुरू होतो आणि राज्याचे गव्हर्नर स्वतः गळ टाकायला जातात. ही प्रथा १९४८ सालची. आपल्याकडे आषाढीला मुख्यमंत्री विठ्ठलाच्या महापूजेला बसतात, तशातलाच प्रकार. फरक इतकाच की विठ्ठल हमखास भेटतो, वॉलआयचे सांगता येत नाही. हा शनिवार पुष्कळदा तिकडच्या मातृदिनाच्या आदल्या दिवशी येतो. त्यामुळे आई मोठी की मासा मोठा, हा प्रश्न तिकडच्या घराघरांत दरवर्षी निघतो, आणि माता बिचाऱ्या समजूतदार असतात.

त्या राज्यातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत, असे तिथले सरकारी खातेच सांगते. शिल्लक कमी करून दाखवणारे सरकार मी जन्मात पहिल्यांदा पाहिले.

आता, मी तिथे कसा पोहोचलो? माझी थोरली ताई गेली सव्वीस वर्षे मिनेसोटात असते. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, “जूनमध्ये ये. तिकीट मी काढते.” ताई आमची रत्नागिरीची. माझ्या आठवणीत तिने मला साधे बसचे तिकीटही काढून दिलेले नाही. तेव्हा ह्या तिकिटामागे काहीतरी असणार हे मी ओळखले. आमिष ओळखण्याचे प्रशिक्षण आम्हाला बँकच देते.

काम असे होते. भावोजी आणि बंड्या यांच्यात तीन महिने बोलणे नव्हते. बंड्या म्हणजे माझा भाचा. उंची सहा फूट एक इंच, तरी घरात बंड्याच. भावोजी यंत्रांचे इंजिनिअर. हृदयात बसवायच्या उपकरणांचे बारीक बारीक भाग त्यांच्या हाताखालून जातात. माणूस देव आहे; पण गाभाऱ्यातला. म्हणजे सगळे ऐकून घेतो, बोलत नाही. त्यांच्या डोक्यात, मुलगाही इंजिनिअर होणार हे मुलाच्या जन्माआधीपासून ठरलेले. आणि मार्च महिन्यात एक दिवस, आमटी वाढून घेता घेता, बंड्याने जाहीर केले की तो विद्यापीठात मासे शिकणार आहे.

“मासे?” भावोजी म्हणाले. “मासे शिकायला अमेरिकेत कशाला यायला हवं होतं? आमचे आबा फुकट शिकवत होते.”

बस. त्यानंतर तीन महिने त्या घरात मीठ मागायचे तरी ते ताईच्या मार्फत मागितले जात होते. आमच्याकडे चेक जसा क्लिअरिंगला जाऊन येतो, तसे बंड्याचे वाक्य ताईकडे जाई आणि दुसऱ्या दिवशी भावोजींकडे पोहोचे. बरीचशी वाक्ये न वटता परत येत.

“तू बँकेत आहेस,” ताई मला म्हणाली. “दिवसभर माणसांशी बोलतोस. तू काहीतरी बोल.”

आता बँकेत माणसे माझ्याशी बोलतात. मी फक्त ‘पुढच्या खिडकीत जा’ म्हणतो. पण हे ताईला सांगून उपयोग नव्हता. तिने बेत आधीच आखला होता. शनिवारी संध्याकाळी बंड्या होडी घेऊन तळ्यावर जाणार, त्याच्याबरोबर मामा जाणार, आणि मामाला पोहता येत नाही म्हणून सोबतीला भावोजी जाणार. “तुम्हाला तरी येतं ना पोहायला?” असे तिने भावोजींना विचारले आणि ते नाही म्हणायच्या आत तिघांच्या पोळीभाजीचे डबे भरले.

त्याच फ्रिजमध्ये जळवांचा डबा होता. वरच्या कप्प्यात श्रीखंड, त्याच्याखाली जळवा. ताईने दोन्ही डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या होत्या; एकदा पाहुणे आले असता काही गोंधळ होता होता वाचला होता म्हणे. मी तपशील विचारला नाही.

बाहेरच्या माणसाला तिथे गळ टाकायला परवाना लागतो. मला ७२ तासांचा मिळाला. तो घेऊन, लाइफ जॅकेट घालून, मी सोळा फुटी ॲल्युमिनियमच्या होडीत बसलो. माझ्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मुलगा. दोन न बोलणाऱ्या माणसांच्या मधली जागा ही जगातली सर्वांत अरुंद जागा असते. होडीत तर उठून जाताही येत नाही.

संध्याकाळीच का जायचे, हे मी विचारले. काहीतरी विचारणे भागच होते. बंड्या म्हणाला, “मामा, वॉलआयच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा थर असतो. मांजरासारखा. त्याला अंधारात छान दिसतं. लहान माशांना तेवढं दिसत नाही. म्हणून तो ह्या वेळेला जेवतो.” म्हणजे भर दुपारी व्यवहार बंद, संध्याकाळी खिडकी उघडी. आणि वारा सुटून पाणी जरा डहुळले, लाटांनी उजेड फुटला, तर तो दिवसाही येतो म्हणे. मावळायला नऊ वाजवणारा तिथला जूनमधला सूर्य झाडांच्या मागे रेंगाळत होता. डास मात्र वेळेवर हजर होते.

मग बंड्याने पेटी उघडली आणि मला त्याचे हत्यार दाखवले. ते मी तुम्हाला नीट सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

जिग म्हणजे डोके असलेला गळ. साध्या जिगचे डोके शिशाचे असते. तो बुडतो आणि तळाशी दगडात, शेवाळात अडकून बसतो. बंड्याचा जिग तरंगता होता. त्याचे डोके फोमचे, वाटाण्याएवढे, पोपटी रंगाचे, वर डोळा काढलेला. पाण्यात टाकला की वर येऊ बघणारा. मग तो खाली कसा न्यायचा? त्यासाठी दोऱ्यात आधी शिशाचे एक वजन ओवतात, चपलेच्या तळव्यासारखे. दोरा त्या वजनाच्या भोकातून मोकळा सरकतो. वजनाच्या पुढे एक छोटी अडकण, अडकणीपुढे दोन-तीन फूट बारीक दोरा, आणि त्याच्या टोकाला हा तरंगता जिग. होडी अगदी सावकाश चालवायची, आपण जेवण झाल्यावर शतपावली घालतो त्याहून सावकाश. वजन तळावरून ठुकठुक चालत जाते आणि जिग त्याच्या मागून, तळापासून वीतभर-हातभर वर, दगडांना न अडकता तरंगत येतो. वॉलआय तळाशी असतो. त्याला वाटते, जेवण आपल्या पायांनी नाकासमोर चालत आले.

रॉन आणि ॲल लिंडनर या भावांनी १९६०च्या दशकात मिनेसोटातल्या ब्रेनर्ड गावातून हे सरकत्या वजनाचे तंत्र लोकप्रिय केले. ते ‘लिंडी रिग’ या नावाने ओळखले जाते. तरंगता जिग हा त्याचाच पाहुणा.

जिगला जळू लावायची ती तिच्या चिकटायच्या टोकातून. म्हणजे ती पाण्यात पोहत राहते. लहान मासा लावायचा तर ओठातून. गांडूळ लावायचे तर तोंडाकडच्या टोकातून. आणि साध्या गळाला लावलेले गांडूळ तरंगावे म्हणून त्याला बारीक सुईने हवेचे इंजेक्शन देतात! त्याची खास बाटली मिळते. गांडुळाला इंजेक्शन देणारा देश पाहिला आणि मला आमच्या तालुक्याच्या दवाखान्याची आठवण झाली. असो.

“हे गांडूळ इथलं नाही मामा,” बंड्या म्हणाला. “हिमयुगात इथे सगळीकडे बर्फ होता. मिनेसोटातली सगळी गांडुळं नंतर बाहेरून आली, मुख्यतः युरोपातून. ती जंगलातला पालापाचोळा खाऊन टाकतात, मग तिथली रोपं उगवत नाहीत. म्हणून उरलेली जमिनीवर सोडायची नाहीत, कचऱ्यात टाकायची.”

तेव्हा होडीच्या त्या टोकाकडून तीन महिन्यांतले पहिले वाक्य आले. “आम्हाला ग्रीन कार्डाला अकरा वर्षं लागली,” भावोजी तळ्याकडे बघत म्हणाले. “ह्यांना कुणी विचारलंही नाही.”

वाक्य कोणाला उद्देशून होते ते स्पष्ट नव्हते. पण मार्फत नव्हते, एवढे मी नोंदवून ठेवले.

मग इंजिनिअर जागा झाला. एवढासा फोम, त्यात लोखंडी गळ, वर जळवेचे ओझे, हे वर राहते कसे? फोमची घनता किती? जळू मोठी निघाली तर? प्रश्न माझ्याकडे बघून विचारले जात होते आणि उत्तरे बंड्याकडून येत होती. मी दोन्हीकडे मान हलवत होतो. बंड्याने एक जिग डब्यातल्या पाण्यात टाकून दाखवला. नुसता असताना टुणकन वर, जळू लावल्यावर संथ, अर्ध्यावर लोंबकळत. भावोजींनी तो हातात घेतला, नखाने फोम दाबून पाहिला, आणि कोणी सांगायच्या आत तिसरी काठी उचलली.

नियमाप्रमाणे माणशी एकच दोरा. तिघांचे तीन पाण्यात गेले. अर्धा तास काही नाही. तळ्यावर लांब कुठेतरी लून पक्षी ओरडत होता. ऐकणाऱ्याला वाटावे, कोणाची तरी ठेव बुडाली आहे.

आणि मग भावोजींची काठी जराशी, मान डोलावल्यासारखी, वाकली.

“बाबा, ओढू नको!” बंड्या ओरडला. त्याच्या मराठीत ‘अहो-जाहो’ नाही. तो मलाही आणि बापालाही ‘तू’ म्हणतो. “ओढलंस तर जाईल. दोरा सोड! वजन सरकतंय, त्याला ओझं लागत नाही. त्याला नेऊ दे, गिळू दे. सोड!”

आता, ज्या गृहस्थाने आयुष्यात काहीही सोडले नाही, डिंकाच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा, त्याला मुलगा सांगतो आहे, सोड! मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भावोजींनी रिळाची कडी उघडली होती आणि दोरा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घेतला होता. नुसता टेकवलेला. दोरा बोटावरून सरसर जात होता आणि ते ओठातल्या ओठात मोजत होते. एक, दोन, तीन… मराठीत.

“बाबा,” बंड्याचा आवाज खाली आला. “बोटावर धरायचं तुला कोणी शिकवलं? मी तर नाही सांगितलं.”

“आबांनी,” भावोजी म्हणाले. “गरी टाकली की दोरा बोटावर ठेवायचा. मासा आधी बोटाला कळतो, मग डोळ्याला.”

सासर-माहेर दोन्ही आमच्या शेजारपाजारचे, तरी हे मला ठाऊक नव्हते. भावोजींचे वडील पोस्टात होते, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे खाडीवर गरवायला जात. बरोबर मुलगा. दहावीच्या वर्षी त्यांनीच मुलाला खाडीवर येणे बंद केले : “पुस्तकं घे. खाडी काय पोट भरणार नाही.” मुलाने पुस्तके घेतली ती थेट मिनेसोटाला आला आणि ११,८४२ तळ्यांच्या राज्यात सव्वीस वर्षे राहून त्याने एकदाही गळ हातात धरला नाही. हे सगळे त्यांनी तिथे सांगितले ते चार वाक्यांत, दोरा जाता जाता. मी ऐकले म्हणून तुम्हाला सविस्तर सांगतो आहे.

“आता?” भावोजींनी विचारले. मुलाला विचारले.

“आता,” मुलगा म्हणाला.

कडी बंद झाली, काठी वर गेली, आणि पुढची तीन मिनिटे होडीत जी काही धावपळ झाली तिच्यात मी होडीचा तळ घट्ट धरून ठेवण्याचे काम केले. जाळीत आला तो पिवळसर सोनेरी, पाठीवर काट्यांचा पंखा, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि डोळे? बॅटरीच्या उजेडात दोन काचेचे दिवे पेटावेत तसे. बंड्याने फळीवर माप घेतले. एकवीस इंच. भावोजींचा चेहरा मी ताईच्या लग्नातही इतका उजळलेला पाहिला नव्हता.

“सोडायला लागेल,” बंड्या हळूच म्हणाला.

“काय?”

“ह्या तळ्यावर मधल्या मापाचे ठेवता येत नाहीत. ही बहुतेक मादी आहे. एवढी मोठी मादी एका वेळी लाखाच्या वर अंडी देते. ती राहिली तर तळं राहतं.”

मला हे ताबडतोब पटले. मुद्दल मोडायचे नाही, व्याज खायचे. भावोजींना मात्र दोन मिनिटे लागली. त्यांनी मासा स्वतःच्या हाताने पाण्यात धरला. तो जरा थांबला, शेपूट हलवली आणि गेला.

“कोण ठरवतं ही मापं?” भावोजींनी ओले हात पँटला पुसत विचारले. जरा रागानेच.

बंड्या पाण्याकडे बघत म्हणाला, “तेच तर शिकायला जायचंय मला.”

मग तो बोलायला लागला. तळ्यात जाळी लावून मोजणी कशी करतात. माशाच्या कानातल्या बारीक हाडावर, झाडाच्या खोडावर असतात तशी वर्तुळे असतात, ती मोजून वय कसे काढतात. रेड लेक नावाच्या मोठ्या तळ्यातला वॉलआय १९९०च्या दशकात, उपसून उपसून, जवळजवळ संपला होता. तिथल्या ओजिब्वे लोकांनी आणि राज्य सरकारने १९९९ साली करार केला, मासेमारी बंद ठेवली, कोट्यवधी पिल्ले सोडली, आणि २००६ साली मासेमारी पुन्हा सुरू झाली. बुडालेली बँक सात वर्षांत सावरली, आणि तीही ठेवीदारांनी पैसे न काढता वाट पाहिल्यामुळे! असा दाखला आमच्या धंद्यात दिसला तर मला कळवा.

भावोजी ऐकत होते. नेहमीसारखेच, गाभाऱ्यातले, पण दार उघडे होते.

“ह्याला पगार देतात?” शेवटी त्यांनी विचारले.

आणि इथे, वाचकहो, ताईने काढलेल्या तिकिटाचे मी चीज केले. सबंध संध्याकाळीत माझे म्हणावे असे एकच वाक्य आहे. मी म्हणालो, “भावोजी, सरकारी खातं आहे. पेन्शन असते.”

तळ्यावर शांतता पसरली. लूनसुद्धा थांबला. पोस्टमास्तरांचा मुलगा आणि बँकेतला कारकून एकमेकांकडे बघत होते. ‘पेन्शन’ हा शब्द कोकणातल्या माणसाच्या रक्तात कुठे जाऊन चिकटतो, हे जळवेलाही कळायचे नाही.

“पेन्शन?” त्यांनी बंड्याला विचारले.

“असते,” बंड्या म्हणाला. “पण बाबा, मी त्यासाठी नाही…”

“असू दे, असू दे,” भावोजी म्हणाले, आणि डब्यातली दुसरी जळू स्वतः काढून जिगला लावली. चिकटायच्या टोकातून. बरोबर.

त्या रात्री मापात बसणारे दोन मासे मिळाले, एक बंड्याला आणि एक मला. (माझा मासा कसा लागला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) ताईने त्यांना आले-लसूण, तिखट, कोकम लावून रव्यात तळले. काटे कमी, मांस पांढरे, चव गोडसर. खाडीच्या माशाची सर नाही, असे भावोजी तीनदा म्हणाले आणि तीनदा वाढून घेतले. मीठ त्यांनी बंड्याकडे मागितले. थेट.

बंड्या आता विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात घरी येतो तेव्हा बापलेक शनिवारी तळ्यावर जातात. ताईचा परवा फोन आला होता. तिची तक्रार अशी की आता फ्रिजमध्ये जळवांचे दोन डबे असतात, एकावर बंड्याचे नाव, एकावर भावोजींचे, आणि श्रीखंडाला जागा उरत नाही.

जॉइंट अकाउंट अजून उघडलेले नाही. पण दोन्ही खाती एकाच शाखेत आहेत, हे काय थोडे झाले?